ताप उतरला, चव आली नाही

ताई,

मी ३१ वर्षांची, पुण्यात असते. चार वर्षांपूर्वी बीपीडीचं, म्हणजे बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं निदान झालं: भावना क्षणात टोकाला जातात, तो आजार. गेल्या वर्षी त्यात डिप्रेशनची भर पडली, तीन महिने बिनपगारी रजेवर होते. गोळ्या चालू आहेत. डीबीटीचा, म्हणजे भावना आणि वागणं सावरायला शिकवणाऱ्या थेरपीचा, वर्षभराचा ग्रुप पुरा केला. मार्चमध्ये डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी १० मिलिग्रॅमची २० केली. आता झोप लागते, जेवण जातं, ऑफिसला जाते, चौदा महिन्यांत स्वतःला इजा केलेली नाही. डॉक्टर खूश, आई खूश, नवरा तर देवाला नारळ फोडून आला.

पण मला कशातच काही वाटत नाही. सहा वर्षं मी ढोलपथकात होते, मध्ये दोन वर्षं सुटलं. यंदा सराव सुरू झाला तशी परत गेले. पूर्वी पहिला ठोका पडला की अंगावर काटा यायचा. यंदा हात वाजवत होते आणि मी मनात, जाताना भाजी कुठली घ्यायची ते ठरवत होते. बहिणीला मुलगा झाला. मांडीवर घेतला, ‘किती गोड’ म्हणाले, आत शुकशुकाट. मार्चपासून रडूही येत नाही. परवा पावसात गाडी बाजूला लावून टपरीवर चहा घेतला, दोन मिनिटं बरं वाटलं, पण तेवढंच. कधी कधी वाटतं, नवऱ्याशी एखादं भांडण उकरून काढावं, निदान काहीतरी तरी वाटेल.

गोळ्या सोडून बघू का? की मी आता अशीच राहणार?

— बेचव


प्रिय बेचव,

आधी तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत वाचशील. गोळ्या स्वतःच्या मनानं सोडू नकोस. आणि तू अशीच राहणार असं मला तुझ्या पत्रात कुठेही दिसलं नाही. उलट एक वाक्य तूच असं लिहून गेली आहेस की त्याच्याच जोरावर मी हे म्हणते आहे. त्याच्याकडे येईनच.

टोपणनाव मात्र नेमकं घेतलंस. टायफॉइड झालेल्या कुणालाही विचार. ताप उतरतो, थर्मामीटर ९८ दाखवतो, घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि आजारी माणूस ताटासमोर बसून भाताकडे बघत राहतो. तोंडाला चव नसते. घरच्यांना वाटतं, आता काय नखरे? डिप्रेशन उतरल्यावरही बऱ्याच जणांचं असंच होतं. रडारड थांबते, झोप परत येते, कामाला लागता येतं. आवड मात्र सगळ्यात मागून, रेंगाळत येते. डॉक्टर याला अ‍ॅनहिडोनिया म्हणतात. तेओद्यूल रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञानं १८९६ मध्ये हा शब्द रूढ केला. आपल्याकडे त्याला सुटसुटीत शब्द नाही. ‘मन रमत नाही’, ‘कशात जीव लागत नाही’, इतकंच आपण म्हणतो, आणि ऐकणारा म्हणतो, ‘मग रमव की!’

तुझ्या बाबतीत गुंता एवढ्यावर थांबत नाही. तू ज्याला ‘काही वाटत नाही’ म्हणतेस, त्यात मला निदान चार वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात, उपाय मात्र वेगळे.

एक म्हणजे गोळी. तू लिहिलंयस, ‘मार्चपासून रडूही येत नाही’, आणि डोसही मार्चमध्येच वाढला. या दोन गोष्टी तू वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिल्यास, म्हणून कदाचित तुझ्या लक्षात आलं नसेल. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या घराण्यातल्या गोळ्यांनी काही जणांच्या भावना वरून आणि खालून दोन्हीकडून छाटल्या जातात. दुःख बोथट होतं, त्याबरोबर सुखही. निव्वळ आजाराचं उरलेलं असेल तर बहुधा आनंद येत नाही, पण वाईट वाटणं शाबूत असतं. दोन्ही गेलं असेल तर गोळीबद्दल शंका घ्यायला जागा आहे. हे ठरवायचं तुझ्या डॉक्टरांनी, मी नव्हे. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, बुप्रोपिऑनसारखं वेगळ्या वाटेनं काम करणारं औषध देता येतं. बीपीडीवर म्हणून खास मंजूर झालेली एकही गोळी आजवर नाही. जे देतात ते त्या त्या लक्षणासाठी देतात. त्यामुळे ‘ही गोळी मला अजून कशासाठी आहे?’ असं विचारणं म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास नव्हे, तो रास्त प्रश्न आहे. झोपेसाठी किंवा रागासाठी आणखी काही चालू असेल तर त्याचंही विचार. आणि एक गोष्ट आपल्याकडच्या बायका डॉक्टरांपुढे कधीच काढत नाहीत, तीही काढ: नवऱ्याजवळ असतानाही शरीर गप्पच राहतं का? तोही याच गोळ्यांचा ठाऊक असलेला परिणाम आहे. तेवढं एक वाक्य सांगितलंस तरी डॉक्टरांना खूप काही कळेल.

अचानक बंद मात्र करू नकोस. चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, चिडचिड, रडू असा आठवडा निघतो, आणि बीपीडी असलेल्या माणसाला व त्याच्या घरच्यांना वाटतं, आलं सगळं परत. मग घाईनं भलतेच निर्णय होतात. त्याच भेटीत थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिनही तपासून घे. कंटाळवाणा सल्ला आहे, माहीत आहे. पण रक्त कमी असताना मनाचा तळ शोधत बसण्यात अर्थ नाही.

आता मला डॉक्टरांबद्दल थोडं बोलायचं आहे. ते खूश आहेत, कारण तू त्यांना खूश होण्यासारखंच सांगतेस. झोप? ठीक. भूक? ठीक. वाईट विचार? नाहीत. पुढचा पेशंट. बऱ्याच दवाखान्यांत डिप्रेशन मोजायला पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची यादी भरून घेतात. तिचा पहिलाच प्रश्न आहे, गोष्टी करण्यात रस किंवा आनंद वाटत नाही का? त्याला तू पूर्ण ३ गुण दिलेस आणि थकव्याला १, तर बेरीज ४ होते. २७ पैकी ४. म्हणजे कागदावर डिप्रेशन जवळजवळ नाहीच. बेरीज बघणाऱ्याला ते ४ दिसतात. पहिल्या ओळीतले ते ३ दिसायला ओळ वाचावी लागते. म्हणून पुढच्या वेळी एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहून ने: आनंद वाटत नाही, रडू येत नाही, मार्चपासून. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर ठेव. तोंडी सांगायला गेलीस तर तू पुन्हा ‘तसं ठीक आहे’ म्हणशील, मला खात्री आहे. ‘एवढं बरं झालंय, आता आणखी काय मागायचं’ असा संकोच करू नकोस. डिप्रेशनची अशी शिल्लक राहिली तर ते उलटण्याची शक्यता वाढते, तेव्हा हे सांगणं उपचाराचाच भाग आहे.

दुसरी गोष्ट, बीपीडीतली जुनी पोकळी. बीपीडीच्या निदानासाठी जी नऊ लक्षणं बघतात, त्यांतलं एक ‘सततचं रितेपण’ हे आहे. ते तुझ्यात डिप्रेशनच्या आधीही असणार. रितेपण म्हणजे ‘मी कोण, कुणाची’ याचा पत्ता नसणं. चव जाणं म्हणजे ताटातलं बेचव लागणं. पहिलं माणसांत बसून, कुणाशी तरी खरं बोलून थोडं भरतं. दुसरं माणसांत बसूनही तसंच राहतं. तुझं आत्ताचं दुसऱ्यासारखं जास्त वाटतं. तरी एकदा स्वतःशी पडताळून बघ.

तिसरी गोष्ट तू ढोलाबद्दल लिहिलंस त्यात आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते.

तुला वाटतं, पूर्वी ढोलात आनंद होता, आता गेला. मी विचारते, तेव्हा जे वाटायचं त्यात आनंद किती होता आणि सुटका किती? त्या वर्षांत तुझ्या आत काय चाललेलं असायचं ते आठव. एखाद्याचा मेसेज आला नाही की जग बुडालं, आला की दिवाळी. संध्याकाळी सरावाला उभी राहायचीस, पन्नास ढोल एकदम कडाडायचे आणि त्या आवाजात डोक्यातला आवाज बुडून जायचा. कुणालाही काटा येईल! आता डोक्यात तो कालवाच नाही. त्यामुळे ढोल आता नुसता ढोल आहे. जड, घाम काढणारा, खांदा दुखवणारा. त्यात निखळ असा काही आनंद आहे का, हे तुला बहुधा पहिल्यांदाच तपासायचं आहे. असेल. पण तो पूर्वीच्या मापानं मोजायला गेलीस तर शून्यच भरणार.

ज्यांनी डीबीटी उभी केली त्या सिअ‍ॅटलच्या मार्शा लिनेहान यांनी बरं होण्याचे टप्पे सांगितले आहेत. पहिल्या टप्प्यात वागणं हाताबाहेर जायचं थांबतं. दुसऱ्या टप्प्याला त्या जे म्हणतात त्याचा मराठीत अर्थ होतो ‘मूक हताशा’. वागणं ताब्यात, बाहेरून सगळं शिस्तीत, आत मात्र माणूस मुकाट सोसतोय. पुस्तकी वर्गीकरण म्हणून त्यांनी हे लिहिलेलं नाही. तरुणपणी आपणही अशाच आजारानं इस्पितळात होतो, हे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितलं. आपल्याकडे गंमत अशी होते, की पहिला टप्पा सरला की सगळे टाळ्या वाजवतात आणि माणूस थेरपी थांबवतो. तुझा ग्रुप पुरा झाला असं तू लिहिलंयस, त्यानंतर कुणाकडे जातेस का, ते लिहिलेलं नाहीस. जात नसलीस तर जा. पहिल्या टप्प्यात हात सावरायला शिकवतात. जुन्या जखमांचं काम आणि भावना पुन्हा अंगावर घ्यायला शिकणं हे इथूनच सुरू होतं.

भांडणाचं वाक्य मला याच ठिकाणी ठेवावंसं वाटतं. तू ते लाजत, शेवटाकडे लिहिलंस. अगं, ज्याला वर्षानुवर्षं वादळाची सवय आहे त्याला वारा पडला की जीव गुदमरल्यासारखा वाटणारच. भांडण हा तुला पाठ असलेला रस्ता आहे. तिथे गेलं की दहा मिनिटांत काहीतरी वाटतं, हमखास. पुढचे चार दिवस काय वाटतं तेही तुला पाठ आहे. उबळ आली की नवऱ्याला सरळ सांग, ‘मला आत्ता भांडायचंय, तुझं काही चुकलेलं नाही.’ हे वाक्य ऐकून कुठलाही नवरा गोंधळेल, चिडणार मात्र नाही. आणि शरीराला काहीतरी जोरकस दे. पर्वतीच्या पायऱ्या न थांबता चढ, नाहीतर गार पाण्यात तोंड बुडव. ग्रुपमध्ये तुम्हाला हे शिकवलंच असेल. (हृदयाचा त्रास असेल तर हे दोन्ही नको.) तीव्र काहीतरी हवं असणं यात वाईट काही नाही, फक्त त्याची किंमत संसारानं मोजायला नको.

चौथी गोष्ट मी थोडक्यात सांगते, कारण ती तुझ्यात आहे की नाही याची मला खात्री नाही. ‘फार हसू नकोस, मग रडावं लागेल.’ आपल्यातल्या किती जणी हे ऐकत मोठ्या झाल्या! त्यात बीपीडीवाल्याला अनुभवही तोच आलेला असतो: कोणी जवळ आलं, फार बरं वाटलं, मग ते गेलं आणि आपण कोसळलो. अशा मनाला बरं वाटू लागलं की ते स्वतःच आधी दिवा मालवतं. बाळाला मांडीवर घेतलंस तेव्हा आत नुसता शुकशुकाट होता, की क्षणभर काहीतरी हललं आणि लगेच दार बंद झालं? आठवून बघ. दार बंद होत असेल तर आत अजून कुणीतरी आहे. आणि बाळाचं ओझं मनावर घेऊ नकोस. मावशीला आत काय वाटलं ते त्याला कळत नाही. त्याला मांडीची ऊब कळते, ती तू दिलीसच.

आता तुझं ते वाक्य. ‘टपरीवर चहा घेतला, दोन मिनिटं बरं वाटलं, पण तेवढंच.’

मिशिगन विद्यापीठातले मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी बरीच वर्षं उंदरांवर काम केलं. उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन जवळजवळ संपवलं, तर उंदीर समोरच्या खाण्याकडेही जाईनात, उपाशी बसून राहिले. सगळ्यांना वाटलं, त्यांना आता काही आवडतच नाही. पण साखरेचं पाणी थेट त्यांच्या तोंडात सोडलं तर ते पूर्वीसारखेच मिटक्या मारू लागले. म्हणजे चव शाबूत होती, ओढ मेली होती. ओढ आणि चव या मेंदूतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस उंदीर नाही, पण डिप्रेशनमध्येही बऱ्याचदा ओढच जास्त मार खाते, आणि आपण समजतो की चव गेली.

त्या दिवशी चहाची ओढ तुला नव्हती. पाऊस आला म्हणून थांबलीस, टपरी होती म्हणून चहा घेतलास. तोंडात पडला तेव्हा बरं वाटलं. चव आहे की गं तुला! ‘पण तेवढंच’ हे शब्द जिभेचे नाहीत. ते हिशेब मांडणाऱ्या डोक्याचे आहेत, आणि त्याच्याकडे अजून जुनंच माप आहे.

यातून करायचं काय, तर ओढ लागायची वाट बघायची नाही. आधी करायचं, ओढ लागली तर मागून लागेल. डिप्रेशनवरच्या उपचारांत याला वर्तन-सक्रियता म्हणतात, आणि ती आपल्या शेजारीच नीट तपासली गेली आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र डिप्रेशन असलेल्या ४९५ लोकांबरोबर हा प्रयोग केला. समुपदेशन करणारे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, शिकवून तयार केलेली साधी माणसं होती. सहा ते आठ भेटी. ज्यांना हा उपचार मिळाला त्यांची लक्षणं इतरांपेक्षा जास्त उतरली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. तो प्रयोग डिप्रेशनचा होता, बीपीडीचा नव्हता. पण तुला आत्ता जे शिल्लक राहिलंय ते बरंचसं डिप्रेशनचंच आहे.

दिवसाला एक लहान गोष्ट ठरव आणि तिला घड्याळाची वेळ दे. ‘मूड लागला तर’ हे शब्द या महिन्यात वर्ज्य. लहान म्हणजे खरंच लहान: मोगऱ्याचा गजरा घेऊन तो येताना हुंगणं, कणीक स्वतः मळणं, मैत्रिणीला फोन, गच्चीवर दहा मिनिटं. हात, नाक, जीभ यांना काम देणारं असेल तर उत्तम. करण्याआधी वहीत लिही, किती बरं वाटेल, दहापैकी. करून झाल्यावर लिही, किती वाटलं. बहुतेकदा आधी १ लिहिशील आणि नंतर २ किंवा ३. ३ म्हणजे काही सण नव्हे. पण महिन्याभरात वहीच तुला दाखवेल की तुझा अंदाज रोज खोटं बोलतो.

करताना मात्र ‘वाटतंय का, वाटतंय का’ असं बघत बसू नकोस. विरजण लावलेलं पातेलं दर दहा मिनिटांनी हलवून पाहिलं तर दही लागत नाही. ढोल वाजवताना तू नेमकं तेच करत होतीस असा मला संशय आहे. वाट बघून कंटाळलीस आणि मग भाजीकडे वळलीस.

किती दिवस लागतील, हे तू विचारलं नाहीस, पण विचारायचं होतं हे दिसतं. बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी यांनी बीपीडीच्या २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. दहा वर्षांत त्यांच्यातल्या ९३ टक्के लोकांना किमान दोन वर्षं टिकणारा उतार पडला. ही झाली चांगली बातमी. त्याच अभ्यासात असंही दिसलं की स्वतःला इजा करणं, अविचारानं काही करून बसणं हे लवकर सुटतं, आणि रितेपण, एकटेपणा, राग हे सावकाश. शिवाय नोकरी, नाती, सगळं जागेवर आलं असं पूर्ण बरं होणं निम्म्याच लोकांना जमलं. तेव्हा ‘दोन महिन्यांत बघ कशी खुलशील’ असं मी म्हणणार नाही. गोळीचा भाग असेल तर तो काही आठवड्यांत कळेल. बाकीचं सावकाश.

एक अट. ‘काही वाटत नाही’चं ‘कशाला जगायचं’ व्हायला लागलं, किंवा हात पुन्हा जुन्या सवयीकडे जाऊ लागला, तर या सगळ्या वह्या बाजूला ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा मानसिक त्रासात मदत करणारा सरकारी क्रमांक चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नवऱ्यालाही तो नंबर देऊन ठेव.

आणि ढोलाचं. पथक सोडू नकोस, पण यंदा ढोल कमरेला बांधू नकोस. सरावाच्या अर्धा तास आधी जा आणि ढोल ताणायला बस. दोरी खेचायची, पान घट्ट करायचं, टिचकी मारून आवाज बघायचा, परत खेचायचं. शेजारी पोरंपोरी बडबडत असतील. तुला आनंद झालाय की नाही हे तिथे कुणी विचारत नाही. मिरवणुकीच्या दिवशी वाजवायचं की नाही, ते तेव्हा बघू.

— ताई